गाडीच्या पोटाखालचा इतिहास : दिघीच्या एका अंगणातून

१/ आजच्या धाग्यात किल्ला नाही, ताम्रपट नाही, बखरही नाही. आजचे साधन आहे मोटारगाडीची खालची बाजू. गेल्या पावसाळ्यानंतर दिघीत एका मित्राच्या वडिलांची जुनी दोन आसनी स्पोर्ट्स कार गतिरोधकावर जोरात घासली. वडिलांचा भोसरीत छोटा वर्कशॉप आहे. आजोबा पिंपरीतील एका कारखान्याच्या प्रेस शॉपमधून निवृत्त झालेले. गाडी घरीच दुरुस्त करायची, असे तिघांनी ठरविले. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझ्या वाट्याला बॅटरी धरण्याचे काम आले. त्या दोन रविवारांत जे पाहिले आणि त्यानंतर जे वाचले, त्याचा हा मेळ.

२/ प्रारंभीच मुद्दा सांगून टाकतो. गाडीचे वरचे अंग रंगविता येते, चकचकीत करता येते. खालचे अंग मात्र खरे बोलते. ती कोणत्या रस्त्यासाठी घडविली गेली, तिचा भार कोणता भाग पेलतो, आधीच्या मालकाने काय लपविले, हे सारे तेथे उमटलेले असते. ढोबळमानाने या खालच्या अंगाचे चार कालखंड पडतात. समोरची गाडी कोणत्या कालखंडातली आहे हे चुकीचे वाचले, तर दुरुस्ती करता करता आपण ती अधिक दुबळी करतो. दस्तऐवजाचा काळ चुकला की अर्थ चुकतो, तसेच हे. फरक इतकाच की येथील चूक शंभराच्या वेगाने धावणार असते.

३/ सुरुवात रस्त्यापासून करू. दिघी पुणे-आळंदी रस्त्यावर आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दरवर्षी आळंदीहून पुण्याकडे याच वाटेने येते. अशा रस्त्यांवर शतकानुशतके चालली ती बैलगाडी. तिची चाके मोठी आणि आस उंच, कारण वाटेत ओढे, दगड, चाकोऱ्या. पहिल्या मोटारींनीही तोच धडा गिरविला. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'चे पोट जमिनीपासून सुमारे दहा इंच उंच होते, कारण अमेरिकेतील खेड्यांचे रस्तेही चिखलाचेच होते. त्या काळी गाडी खाली घासणे ही रोजची भीती नव्हती. उंची हेच तिचे चिलखत होते.

४/ हा पहिला कालखंड : सांगाड्याचा. दोन लांब पोलादी तुळया, त्यांना जोडणारे आडवे दांडे, म्हणजे जमिनीवर आडवी ठेवलेली शिडीच. इंजिन, चाके, वरचा साटा, सारे या शिडीवर बसविलेले. आपल्याकडे या बांधणीचा सर्वांत ओळखीचा नमुना म्हणजे जीप. महिंद्रांनी मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीस तिची जुळणी सुरू केली. येथे खालून मार बसला तर तो जाड पोलादावर बसतो. वाकलेला दांडा तापवून, ठोकून सरळ करता येतो; चीर पडली तर पट्टी लावून वेल्ड करता येते. वरचा पत्रा फाटला तरी गाडीचे बळ सांगाड्यात शाबूत राहते. लोहाराला समजेल अशी ही गाडी होती.

५/ पण दुरुस्ती घरी, गल्लीत, झाडाखाली का होऊ लागली? याचे उत्तर टंचाईत आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणी कारखाना काढला होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्यात कारखाना उभारला. १९५३ च्या टॅरिफ कमिशनने शिफारस केली की नुसती जुळणी करणाऱ्यांना नव्हे, तर सुटे भाग टप्प्याटप्प्याने येथेच बनविणाऱ्यांनाच वाव द्यावा. त्यानंतर जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी येथील काम आवरले. उरल्या मोजक्या देशी कंपन्या, परवाने आणि वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षायाद्या.

६/ नवी गाडी मिळणे दुरापास्त, आयात बंद, परदेशी गाड्यांचे सुटे भाग दुर्मीळ. परिणामी आहे ती गाडी जगविणे हाच एक मार्ग राहिला. 'ठिगळ' हा शब्द आपण कपड्यासाठी वापरतो. या काळाने तो पत्र्यालाही लावला. संस्थानिकांच्या आणि मुंबईतील हौशी धनिकांच्या जुन्या स्पोर्ट्स कारही याच हातांनी जगविल्या. मूळ भाग मिळत नाही म्हटल्यावर कारागीर तो पत्र्यातून ठोकून घडवीत. तेव्हा घरच्या अंगणातील दुरुस्तीला कोणी छंद म्हणत नव्हते. ती अर्थव्यवस्थेने लादलेली गरज होती. गरजेतून कौशल्य आले, कौशल्यातून अभिमान.

७/ हे कौशल्य पिंपरी-चिंचवडमध्ये एवढे दाट का, तेही पाहू. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली; १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले; १९६६ मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पुण्यात पाय रोवला. त्याच वर्षी पुण्यात एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था आणि १९६७ मध्ये भोसरीत सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची संस्था सुरू झाली. टेल्कोच्या पुणे कारखान्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. मधली अकरा वर्षे रिकामी गेली नव्हती. साचे, यंत्रे आणि ती चालविणारी माणसे घडविण्यात ती गेली होती.

८/ मित्राचे आजोबा याच पट्ट्यात घडलेले. पत्रा हाताने चाचपून त्याची जाडी सांगतात. "आमच्या वेळी उमेदवारीत पहिले सहा महिने नुसती कानस," असे ते म्हणाले, तेव्हा त्यात तक्रार होती की अभिमान, हे मला कळले नाही. दिघीच्या शेजारी आणखी एक परंपरा नांदते. खडकीत लष्कराचा ५१२ बेस वर्कशॉप आहे. वाहने आणि शस्त्रे दुरुस्त करणारा ईएमई हा स्वतंत्र विभाग १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, स्थापन झाला. कारण यांत्रिक सैन्य जेवढे लढते तेवढेच ते दुरुस्तही व्हावे लागते. दिघी-बोपखेलच्या वस्तीत निवृत्त सैनिक पुष्कळ आहेत. कारखाना आणि छावणी, या दोन शाळांची विद्या येथील अंगणांत एकत्र आली.

९/ आता दुसरा कालखंड : कवचाचा. रिकामी काडेपेटी हातात घ्या. नुसता पुठ्ठा सहज वाकतो, पण पेटीच्या आकारात तोच पुठ्ठा ताठ उभा राहतो. हेच तत्त्व गाडीला लावले की शिडीची गरज संपते. तळ, बाजू आणि छत मिळून भार पेलतात. इटलीच्या लान्चिया लाम्ब्डाने १९२२ मध्ये या दिशेने पाऊल टाकले आणि फ्रान्सच्या सित्रोएन ट्रॅक्सियाँ आव्हाँने १९३४ मध्ये पोलादी कवचाची गाडी मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आणली. १९५३ मध्ये आलेली फियाट ११०० हीसुद्धा याच बांधणीची. पुढे प्रीमियरने कुर्ल्यात तिला घडविले आणि तिच्याच वंशातली 'पद्मिनी' मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली.

१०/ येथे तळाच्या पत्र्याचा अर्थच पालटतो. जीपमध्ये पायाखालचा पत्रा केवळ चिखल अडवितो. पद्मिनीत तो गाडीच्या बळाचा वाटेकरी असतो. दाराखालून जाणाऱ्या पोकळ पेट्या गंजल्या, तर गाडी मधोमध ढिली पडते आणि दारे नीट लागेनाशी होतात. आजोबांनी सांगितलेला जुना नियम साधा होता : "गंजावर वेल्ड धरत नाही. चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापत जायचे." त्या काळी कित्येक ठिकाणी हा नियम पाळला जात नसे. भोकावर पत्रा ठेवायचा, चार टाके मारायचे, वर डांबर फासायचे. वरून काम पक्के दिसे. आत ओल कोंडून गंज दुप्पट वेगाने पसरे. जुनी गाडी घेताना ताज्या डांबराकडे संशयाने पाहावे, हा धडा तेथलाच.

११/ या गंजावरचा खरा उपाय अंगणात नव्हे, कारखान्यात सापडला. १९६० च्या दशकात फोर्ड कंपनीने विजेच्या साहाय्याने रंग चढविण्याची रीत प्रत्यक्षात आणली. सारे कवच रंगाच्या हौदात बुडवायचे आणि वीजप्रवाह सोडायचा. रंगाचे कण पोकळ पेट्यांच्या आतल्या कोपऱ्यांतही जाऊन चिकटतात. १९७० च्या दशकात ही रीत आणखी सुधारली आणि जस्ताचा थर दिलेला पत्राही मोटारींत आला. याचा घरच्या दुरुस्तीशी थेट संबंध आहे. खालून घासून हा थर निघाला की तो घरी पुन्हा देता येत नाही. म्हणून ओरखडा 'वरवरचा' वाटला तरी तो पुसून, गंजरोधक प्रायमर लावून त्याच आठवड्यात झाकणे, हे मोठ्या दुरुस्तीपेक्षा मोलाचे.

१२/ हा पालट आपल्या पट्ट्यातही पाहता येतो. टेल्कोची सिएरा १९९१ ची, सुमो १९९४ ची. दोघी सांगाड्यावर बसलेल्या. १९९८ ची इंडिका मात्र कवचाची. युरोपने दशकांपूर्वी ओलांडलेला उंबरठा पिंपरीच्या एकाच कारखान्याने सात वर्षांत ओलांडला. गल्लीतील डेंटरला याची सूचना कोणी दिली नाही. सुमोचा मार ठोकून काढणाऱ्या हाताखाली इंडिका आली, तेव्हा चूक करीत, शिकत त्याने नवी रीत आत्मसात केली. तंत्रज्ञानाचा इतिहास आपण सहसा कारखान्याच्या दारापर्यंत लिहितो. दाराबाहेर, पान्हा हातात घेतलेल्या माणसाचा इतिहास बहुधा अलिखित राहतो.

१३/ तिसरा कालखंड वेगाचा, आणि स्पोर्ट्स कार खरी येथे येते. गाडी खुजी का असते? गुरुत्वमध्य खाली राहिला तर वळणावर ती कमी कलते, हे एक कारण. दुसरे कारण शर्यतींतून आले. लोटसने १९७७ च्या फॉर्म्युला वन हंगामात 'लोटस ७८' उतरविली. तिचे पोट उलट्या ठेवलेल्या पंखासारखे घडविले होते. त्याखालून हवा वेगाने जाई, तिचा दाब घटे आणि गाडी जमिनीकडे ओढली जाई. ही ओढ इतकी प्रभावी आणि धोकादायक ठरली की १९८३ पासून नियमाने सपाट तळ सक्तीचा झाला. ज्या बाजूकडे कोणी पाहत नव्हते, तीच शर्यत जिंकून देऊ लागली.

१४/ ही कल्पना रस्त्यावरील गाड्यांत उतरली ती तळाच्या सपाट आवरणांच्या रूपाने. प्लॅस्टिकचे किंवा ॲल्युमिनियमचे हे आवरण बोल्टांनी किंवा खिट्यांनी बसविलेले असते. ते हवा सरळ वाहू देते, इंजिनकडे चिखल येऊ देत नाही आणि ठरावीक फटींतून गरम हवा बाहेर सोडते. त्यामुळे फाटलेले आवरण काढून टाकून "काही बिघडत नाही" म्हणत गाडी हाकणे बरे नव्हे. वेगात हवेचा प्रवाह बदलतो आणि इंजिनाखालचा नाजूक भाग उघडा पडतो. मात्र दिलासा असा, की हे आवरण बहुतेक वेळा भार पेलत नाही. ते बळी जाण्यासाठीच असते. घरच्या दुरुस्तीला सर्वाधिक वाव येथे आहे.

१५/ वेगासाठी वजन घटवायचे, म्हणून द्रव्येही बदलली. १९५३ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटला फायबरग्लासचे अंग मिळाले. १९५७ च्या लोटस एलिटने तर भार पेलणारे कवचच फायबरग्लासचे केले. मराठी-कोंकणी मुलखाजवळचे उदाहरण गोव्याचे : सॅन मोटर्सने १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'सॅन स्टॉर्म' ही उघड्या छताची दोन आसनी गाडी आणली, अंग फायबरग्लासचे, इंजिन रेनोचे. पुढे दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत 'अवंती' दाखविली. तिचे इंजिन आसनांच्या मागे होते. फायबरग्लास गंजत नाही आणि त्याची भेग राळ व काचतंतूंच्या कापडाने घरी भरता येते. पण त्यावर पान्हा आपटला, तर आतले तंतू तुटूनही वरून काही दिसत नाही.

१६/ आणि मग आला गोंद. १९९६ च्या लोटस एलिसचा ॲल्युमिनियमचा सांगाडा केवळ ६८ किलोंचा होता, आणि त्याचे भाग वेल्डने नव्हे तर इपॉक्सी गोंदाने जोडले होते. जोड सोलून निघू नये म्हणून जोडीला खिळे. वेल्डच्या उष्णतेने अशा ॲल्युमिनियमची ताकद घटते, म्हणून भट्टीत पिकविलेला गोंद निवडला गेला. पातळ भागांतही ताठपणा मिळाला. परंतु दुरुस्तीच्या इतिहासात हे मोठे वळण आहे. लोहाराची हजारो वर्षांची विद्या अग्नीवर उभी होती; येथे अग्नी हाच शत्रू ठरला. शेजारी वेल्डची ज्योत नेली की न दिसणारा गोंद जळतो आणि जोड आतून सुटतो.

१७/ आता या खुज्या गाडीचा गाठीचा शत्रू : गतिरोधक. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन यांनी १९५३ मध्ये अमेरिकेतील आपल्या विद्यापीठात भरधाव गाड्यांना आळा घालण्यासाठी उंचवटे आखले, हा गतिरोधकाच्या इतिहासातला एक नामांकित टप्पा. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्ये मार्गदर्शिका काढली : रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडण्याजोगा. गणित करून पाहा. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेली गाडी या उंचवट्यावर उभी राहिली, तर उंचवटा तिच्या पोटाकडे जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर येतो. बारा सेंटिमीटर उंचीचे पोट हळू गेल्यास सुखरूप सुटते.

१८/ पण रस्त्यावर भेटतो तो बहुधा दुसराच प्राणी : हातभर रुंदीचा, वीतभर उंचीचा, रात्रीतून उगवलेला, पांढऱ्या पट्ट्यांवाचून. तो चाकांच्या मधोमध येतो तेव्हा त्याची पूर्ण उंची पोटाला भिडते. यात रस्त्याचा इतिहासही आहे. दिघी १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. गावरस्ता शहराचा रस्ता झाला, वाहने वाढली, वेग वाढला. शाळेपुढे अपघात घडला की लोकांनी उत्तर म्हणून उंचवटा मागितला, कधी स्वतःच घातला. त्या मागणीमागे भीती खरी आहे, हे विसरू नये. मित्राच्या वडिलांची गाडी ज्याला घासली, तो उंचवटाही एका शाळेसमोरचाच.

१९/ आता अंगणात परत येऊ. पहिला तास फक्त गाडी उचलण्यात गेला, आणि तो सर्वांत महत्त्वाचा होता. फरशी सपाट, चाकांना अडण्या, जॅक केवळ कंपनीने सांगितलेल्या जागी. मग चारी बाजूंना लोखंडी स्टँड. आजोबांचा आग्रह एकच : "जॅक उचलायला असतो, धरायला नाही." जॅकचे तेल गळले की गाडी क्षणात खाली येते, विटा आणि ठोकळे भाराने फुटतात. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊन प्राण गमावलेल्यांच्या बातम्या आपण वाचतोच. गाडी हलवून पाहिली, स्टँड डगमगला नाही, तेव्हाच आम्ही खाली सरकलो. बॅटरीची तार आधीच सोडलेली होती.

२०/ मग मोजणी. आजोबांनी गवंड्याचा ओळंबा मागविला. गाडीच्या तळाला कारखान्याने ठेवलेली छिद्रे असतात, डावी-उजवी जोडीने. प्रत्येक छिद्रातून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खूण केली. मग गाडीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत फीत लावली आणि दुसऱ्या कर्णाशी ताडून पाहिली. दोन्ही कर्ण जुळले, म्हणजे सांगाडा तिरका झालेला नाही. महागड्या यंत्राइतकी सूक्ष्म मोजणी ही नव्हे. पण मोठा वाकडेपणा असेल तर तो लपत नाही. कर्ण जुळले नसते, तर दुरुस्ती तेथेच थांबवून गाडी ट्रकवर चढवायची, असे आधीच ठरले होते.

२१/ तळाचे ॲल्युमिनियमचे आवरण उतरविले. एक लांब ओरखडा, एक फाटलेली कड, दोन भेगा. भेगेच्या टोकाला बारीक छिद्र पाडले. त्यामुळे ताण गोल कडेवर वाटला जातो आणि भेग पुढे सरकत नाही. पत्रा लाकडावर ठेवून लाकडी हातोडीने सरळ केला. आतून ॲल्युमिनियमचेच ठिगळ, ॲल्युमिनियमचेच रिव्हेट, मध्ये सीलंट. पोलादी रिव्हेट वापरला असता, तर पावसाच्या पाण्यात दोन धातूंत विद्युतक्रिया होऊन ॲल्युमिनियम खंगले असते. ऑइलचा चेंबर तपासला, भेग नव्हती. ओतीव ॲल्युमिनियमच्या चेंबरला भेग असती, तर तो बदलणेच शहाणपणाचे. लांबी भरून तो फार दिवस टिकत नाही.

२२/ आवरणाच्या वर मात्र सांगाड्याच्या एका पट्टीवर बोटभर खोक दिसली. मित्र म्हणाला, "आजोबा, एक टाका मारून टाकू का? मशीन आहेच." आजोबांनी बॅटरी माझ्या हातून घेतली, जोडावर बराच वेळ प्रकाश टाकला. दोन पत्र्यांमध्ये करड्या रंगाची रेघ होती. ते म्हणाले, "हा पत्रा शिवलेला नाही रे, चिकटवलेला आहे. याला आग लावायची नाही." चाळीस वर्षे वेल्डजवळ काढलेल्या माणसाने वेल्डला नकार दिला. गोंदाच्या सांगाड्याचे काम जाणणाऱ्याला ती जागा दाखवेपर्यंत गाडी घराबाहेर काढायची नाही, असे ठरले. मुलाला ते रुचले नाही. पण त्या घरात आजोबांचा शब्द खाली पडत नाही.

२३/ चौथा कालखंड आपल्या डोळ्यांदेखत सुरू झाला आहे. विजेच्या गाड्यांत पोटाखाली बॅटरीची पेटी असते. २०१३ मध्ये अमेरिकेत दोन टेस्ला मॉडेल एस गाड्यांच्या पोटाला रस्त्यावर पडलेल्या धातूच्या वस्तूंचा मार बसला आणि बॅटरीला आग लागली. २०१४ मध्ये कंपनीने टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमचे संरक्षक पत्रे बसविण्यास सुरुवात केली. येथे ओरखडा म्हणजे केवळ गंजाची वाट राहत नाही. पेटीला पोचा दिसला, तर घरी ती उघडणे, ठोकणे किंवा तिच्याजवळ वेल्ड करणे वर्ज्य. बाहेरून पाहावे, छायाचित्र काढावे आणि प्रशिक्षित माणसाकडे सोपवावी.

२४/ तर हे चार कालखंड : सांगाडा, कवच, वेगाचा हलका तळ आणि बॅटरीची पेटी. पहिल्यात हातोडी चालते, दुसऱ्यात वेल्ड, तिसऱ्यात रिव्हेट, गोंद आणि संयम, चौथ्यात हात मागे घेणे. घरची दुरुस्ती यामुळे संपत नाही. गाडी उचलणे, पाहणे, मोजणे, आवरण दुरुस्त करणे, गंज रोखणे, हे सारे आजही अंगणात होऊ शकते. मात्र कोठे थांबायचे हे समजण्यासाठी समोरची वस्तू कोणत्या काळाची आहे, हे ओळखावे लागते. इतिहासाचा इतका रोकडा उपयोग मला वर्गात कधी दिसला नव्हता.

२५/ शेवटी एक विनंती. कारखान्यांचे अहवाल जपले जातात, उद्घाटनाच्या कोनशिलाही जपल्या जातात. पण गंज कोठवर कापायचा, कर्ण कसे मोजायचे, केव्हा नकार द्यायचा, हे ज्ञान पिंपरी, भोसरी, आकुर्डी, चाकणच्या निवृत्त हातांत आहे आणि ते कोठेही लिहिलेले नाही. ती पिढी आता सत्तरीपलीकडे गेली आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी असे कोणी असतील, तर एक रविवार त्यांच्याजवळ बसा, फोनवर ध्वनिमुद्रण करा, शब्द जसेच्या तसे टिपून ठेवा. मी आजोबांपासून सुरुवात केली आहे. गाडी अजून स्टँडवरच आहे. आमच्या तीन मुलाखती झाल्या आहेत.